एका अनोळखी हाताचे ऋण

(केनिया हा पूर्व आफ्रिकेतील एक देश. तेथील एका गरीब मुलाच्या शाळेची फी हजारो मैल दूर राहणाऱ्या एका शिक्षिकेने भरली. त्या मुलाने या उपकाराची जाण कशी ठेवली, ते या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पाठ सुरू करण्यापूर्वी हे चार शब्द मोठ्याने वाचा : किताबू, कलामू, एलिमू, म्वालिमू.

ओळखीचे वाटले ना? तुम्ही म्हणाल, "हे तर आमचेच शब्द! किताब, कलम, इल्म आणि मुअल्लिम." पण हे शब्द उर्दूतले नाहीत. ते स्वाहिली भाषेतले आहेत. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेतील मोठी भाषा आहे. केनिया देशात शाळेतली मुले पुस्तकाला किताबू म्हणतात आणि गुरुजींना म्वालिमू म्हणतात. अरबस्तानातील व्यापारी शेकडो वर्षे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर येत-जात होते. त्यांच्याबरोबर हे शब्द तेथे गेले आणि तेथलेच होऊन राहिले.

आता पाचवा शब्द पाहा : असांते. स्वाहिलीत 'असांते' म्हणजे 'आभारी आहे'. हा शब्दही अरबीतून आला. 'तू चांगले केलेस' असा त्याचा मूळ अर्थ आहे. तुमच्या उर्दूतील 'एहसान' हा शब्दही त्याच कुळातला. एहसान करणारा चांगले काम करतो आणि असांते म्हणणारा त्याला सांगतो, "तू चांगले केलेस." देणाऱ्याचा शब्द आणि घेणाऱ्याचा शब्द, दोघे एकाच घरचे!

या पाठात 'असांते' म्हणणाऱ्या एका माणसाची गोष्ट आहे. त्याला हा शब्द म्हणायला फार वर्षे लागली, कारण तो जिला म्हणायचा, ती व्यक्ती कोठे आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

केनियाची राजधानी नैरोबी. नैरोबीच्या उत्तरेला किआंबू नावाचा डोंगराळ भाग आहे. तेथील माती सुपीक आहे. तेथे कॉफीचे आणि चहाचे मळे आहेत. या भागात मिटाहाटो नावाचे एक खेडे आहे. ख्रिस म्बुरू हा मुलगा या खेड्यात वाढला. घर मातीचे. घरची माणसे कॉफीच्या मळ्यात राबत. हाताला काम असले तरी हातात पैसा थोडाच येई.

केनियाला १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वातंत्र्य मिळाले. नव्या देशात शाळा फार थोड्या होत्या आणि शिकण्याची इच्छा असलेली मुले पुष्कळ होती. सरकारजवळ पुरेसा पैसा नव्हता. मग गावोगावचे लोक पुढे आले. 'हरांबी' हा तेव्हा साऱ्या देशाचा मंत्र झाला. हरांबी म्हणजे 'चला, सगळे मिळून ओढू या'. आपल्याकडे जड ओझे ओढताना माणसे 'हैया हो' म्हणतात ना, तसेच हे! कोणी दगड वाहिले, कोणी लाकूड दिले, कोणी अंगमेहनत केली, कोणी चार पैसे दिले. अशा रीतीने कितीतरी शाळा उभ्या राहिल्या. केनियाच्या राजचिन्हावर आजही हा शब्द कोरलेला आहे.

शाळा उभी राहिली, पण फीचे काय? केनियात शाळेच्या वर्षाची तीन सत्रे असतात. प्रत्येक सत्राला फी भरावी लागे. फी भरली नाही की मुलाला घरी परत पाठवत. ख्रिस हुशार होता. अभ्यासात त्याचे मन रमत असे. पण नुसत्या हुशारीने फी भरता येत नाही. त्याचे शिक्षण मधेच थांबणार, अशी चिन्हे दिसू लागली. अशी किती मुले घरी परतली असतील आणि मळ्यात कामाला लागली असतील, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

ख्रिसच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. स्वीडन हा युरोपच्या उत्तरेकडील थंड देश. तेथील काही लोक एका योजनेतून केनियातील गरीब मुलांची फी भरत असत. १९७० नंतरच्या त्या वर्षांत एका स्वीडिश बाईंच्या वाट्याला ख्रिसचे नाव आले. त्या दर सत्राला सुमारे पंधरा डॉलर पाठवू लागल्या. ही रक्कम काही फार मोठी नव्हती. पण तिच्यामुळे ख्रिसचे नाव शाळेच्या हजेरीपटावर टिकून राहिले.

त्या बाईंना ख्रिसने पाहिले नव्हते. त्याला फक्त त्यांचे नाव माहीत होते : हिल्डे बाक. लहान ख्रिसला वाटे, एवढ्या दुरून पैसे पाठवणारी बाई नक्कीच फार श्रीमंत असणार.

ख्रिस शिकत गेला. शाळा संपवून तो नैरोबीच्या विद्यापीठात कायदा शिकला. पुढे अमेरिकेतील प्रसिद्ध हार्वर्ड विद्यापीठातही त्याने कायद्याचा अभ्यास केला. नंतर तो संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचे काम करू लागला. जेथे माणसांवर जात, वंश किंवा धर्म पाहून अत्याचार होतात, तेथे जाऊन सत्य शोधायचे आणि त्यांच्या बाजूने उभे राहायचे, असे ते काम होते.

मातीच्या घरातला मुलगा जगाच्या मोठ्या सभागृहांत पोहोचला. पण गावी आला की त्याला जुनेच चित्र दिसे. हुशार मुले होती, चांगले गुणही मिळवत होती आणि फी नाही म्हणून घरी बसत होती. त्याला वाटे, "माझ्यात आणि या मुलांत फरक तो काय? मला एक हिल्डे बाक भेटली. यांना कोण भेटणार?"

मित्रांनो, या ठिकाणी थोडे थांबा आणि विचार करा. ख्रिस म्बुरू त्या वेळी काय करू शकत होते? सुखाने नोकरी करून ते जुने दिवस विसरू शकले असते. "मी गरीब होतो, माझी फी दुसऱ्याने भरली" ही गोष्ट लपवूनही ठेवू शकले असते. पुष्कळ लोक असे करतात. त्यांनी तसे केले नाही. २००१ मध्ये त्यांनी नात्यातील एका बहिणीच्या सोबतीने गरीब आणि हुशार मुलांसाठी शिष्यवृत्तीचा एक निधी सुरू केला. निधीला स्वतःचे किंवा आपल्या आईवडिलांचे नाव दिले असते, तर कोणी काही म्हटले नसते. पण त्यांनी त्याला नाव दिले 'हिल्डे बाक शिक्षण निधी'.

नाव दिले, पण ही हिल्डे बाक कोठे आहे? ती हयात आहे की नाही? म्बुरूंनी केनियातील स्वीडनच्या वकिलातीची मदत घेतली. शोध सुरू झाला आणि हिल्डे बाक सापडल्या. त्या स्वीडनमधील व्हेस्टेरोस या शहरात राहत होत्या.

म्बुरूंची लहानपणची कल्पना चुकीची ठरली. हिल्डे बाक श्रीमंत नव्हत्या. त्या बालवाडीत शिकवणाऱ्या साध्या शिक्षिका होत्या. आपल्या पगारातून त्या थोडे पैसे बाजूला काढत आणि पाठवून देत. त्यात आपण काही मोठे केले, असे त्यांना कधी वाटलेच नव्हते. त्या मुलाचे पुढे काय झाले, हेही त्यांना ठाऊक नव्हते. आफ्रिकेत आपल्या नावाचा एक निधी सुरू झाला आहे, हे ऐकून त्या चकित झाल्या.

२००३ मध्ये हिल्डे बाक केनियात गेल्या. तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. मिटाहाटो गावाने गाणी गाऊन त्यांचे स्वागत केले. तेथील किकुयू समाजाने त्यांना आपल्यातील वडीलधाऱ्या म्हणून मान दिला. ज्या मुलासाठी त्यांनी पैसे पाठवले होते, तो उंचापुरा माणूस होऊन त्यांच्यासमोर उभा होता. इतक्या वर्षांचे राहिलेले 'असांते' त्या दिवशी समोरासमोर म्हटले गेले.

पण गोष्ट येथे संपत नाही. खरी गोष्ट तर पुढेच आहे.

हिल्डे बाक मूळच्या स्वीडनच्या नव्हत्या. त्यांचा जन्म १९२२ मध्ये जर्मनीत एका ज्यू कुटुंबात झाला. त्या अकरा वर्षांच्या असण्याच्या सुमारास, १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला. ज्यू लोकांचे जगणे कठीण होत गेले. १९३८ च्या नोव्हेंबर महिन्यात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. मुले तीच, हुशारीही तीच, फक्त धर्म वेगळा म्हणून शाळेचे दार बंद! एका अनोळखी माणसाच्या मदतीने हिल्डे स्वीडनला पोहोचल्या आणि वाचल्या. त्यांच्या आईवडिलांना मात्र सुटता आले नाही. नाझींच्या छळछावण्यांत त्यांचा अंत झाला.

आता तुमच्या लक्षात येईल. ज्या मुलीला शाळेबाहेर घालवले होते, तिने मोठेपणी दुसऱ्या एका मुलाला शाळेबाहेर जाऊ दिले नाही. ज्या मुलीला एका अनोळखी माणसाने वाचवले होते, ती दुसऱ्या एका मुलासाठी अनोळखी मदतनीस झाली. आणि तो मुलगा मोठा होऊन कोणते काम करू लागला? जात, वंश, धर्म यांच्या नावाने माणसे मारली जाऊ नयेत, यासाठी झटण्याचे! निधीला नाव देताना म्बुरूंना हिल्डे बाक यांची ही कहाणी माहीत नव्हती. हे सारे त्यांना पुढे कळले.

डिसेंबर २००७ मध्ये केनियात निवडणूक झाली. निकालावरून वाद पेटला. एका जमातीचे लोक दुसऱ्या जमातीच्या लोकांवर तुटून पडले. एक हजाराहून अधिक माणसे मारली गेली. घरे जळाली, लाखो लोक बेघर झाले. फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस समझोता झाला, तेव्हा देश हळूहळू शांत झाला. म्बुरू यांना वाटते की, जेथे शिक्षण नाही तेथे अफवा लवकर पसरतात आणि द्वेष पसरवणाऱ्यांचे काम सोपे होते. म्हणून मुलांना शाळेत ठेवणे हे त्यांच्या दृष्टीने केवळ दानाचे काम नाही. ते शांततेचेही काम आहे.

केनियात जानेवारी २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळांची फी बंद झाली. त्या वर्षी दहा लाखांहून अधिक जादा मुले शाळेत आली. जागा पुरेना, बाके पुरेनात. पण माध्यमिक शिक्षणाचा खर्च गरिबांना परवडत नव्हता. त्या काळी आठवीच्या शेवटी सर्व देशाची एकच परीक्षा असे. (ही परीक्षा २०२३ मध्ये शेवटची झाली.) या परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या गरीब मुलांमधून निधीचे लोक मुले निवडत. हे काम वाटते तितके सोपे नसते. पैसा थोडा आणि मुले जास्त. एकाला 'हो' म्हणताना दुसऱ्याला 'नाही' म्हणावे लागते. ज्याला 'नाही' म्हटले, तोही हुशार असतो आणि तोही गरीबच असतो.

हिल्डे बाक आणि ख्रिस म्बुरू यांच्यावर जेनिफर आर्नल्ड या अमेरिकन दिग्दर्शिकेने एक माहितीपट काढला. तो २०१० मध्ये प्रथम दाखवला गेला. त्याचे नाव 'अ स्मॉल अ‍ॅक्ट', म्हणजे 'एक छोटीशी कृती'. तो पाहून प्रेक्षक इतके हेलावले की अनेकांनी या निधीला देणग्या दिल्या. जास्त मुलांना 'हो' म्हणता येऊ लागले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, ते असे.

हिल्डे बाक २०२१ मध्ये वारल्या. तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे आपल्याविषयी बोलू या. तुमच्या शाळेच्या भिंतीवर कदाचित एखादी संगमरवरी फरशी असेल. तिच्यावर देणगी देणाऱ्यांची नावे कोरलेली असतील. तुम्ही रोज तिच्यासमोरून जाता. ती नावे कधी वाचली आहेत का? ज्यांची नावे कोणत्याच फरशीवर नाहीत, अशांचाही तुमच्या शाळेला हातभार लागला असेल. कोणी एका वर्गाचा पंखा दिला असेल, कोणी एका मुलीचा गणवेश शिवून दिला असेल.

तुमच्यापैकी काहींना शिष्यवृत्ती मिळत असेल. काहींना वह्या-पुस्तके कोणी दिली असतील. अशा वेळी मनात एक विचार येतो, "आपण दुसऱ्याचे घेतो, म्हणजे आपण कमी आहोत का? मित्रांना हे कळले तर?" हा विचार तुमच्या मनात आला असेल, तर ख्रिस म्बुरू यांना आठवा. त्यांनी मदत घेतली, पण मान खाली घातली नाही. घेतलेल्या मदतीचे त्यांनी सोने केले आणि ती मदत कोणाची होती, हे साऱ्या जगाला सांगितले. मदत घेण्यात लाज नाही. घेतलेली मदत वाया घालवण्यात लाज आहे आणि ती विसरण्यात त्याहून जास्त.

आणि देणाऱ्याने काय करावे? हिल्डे बाक यांच्याकडे पाहा. त्यांनी दिले आणि त्या गप्प राहिल्या. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू नये, असे म्हणतात. त्यांचे देणे तसे होते. आपण दिलेल्या पैशांतून कोण घडला, हे त्यांना कळले ते म्बुरूंनी त्यांचा शोध घेतला म्हणून. कळले नसते, तरी ख्रिस शिकलाच असता.

काही ऋणे अशी असतात, की ती ज्याची त्याला परत करता येत नाहीत. पंधरा-पंधरा डॉलर मोजून हिल्डे बाक यांच्या हातात ठेवले असते, तर ते ऋण फिटले असते का? नाही. ते पुढच्या मुलाच्या हातात ठेवले, तेव्हाच ते थोडेसे फिटले. तुम्हीही कोणाचे तरी 'असांते' म्हणायचे राहिला असाल. ती व्यक्ती जवळ असेल, तर आजच जाऊन म्हणा. ती दूर असेल, तर तुमच्यापेक्षा लहान अशा एखाद्या मुलाला गणिताचे एक उदाहरण समजावून द्या. तेही 'असांते'च आहे.

शब्दार्थ
ऋण – कर्ज, उपकाराचे ओझे
जाण ठेवणे – उपकार लक्षात ठेवणे
सुपीक – भरपूर पीक देणारी, जरखेज
सत्र – शाळेच्या वर्षाचा एक भाग
हजेरीपट – वर्गातील मुलांची हजेरी लिहिण्याची वही
अत्याचार – जुलूम
शिष्यवृत्ती – वजीफा
वकिलात – परदेशातील आपल्या देशाची कचेरी, सिफारतखाना
छळछावणी – कैद्यांना डांबून त्यांचा छळ करण्याची जागा
द्वेष – नफरत
माहितीपट – खऱ्या घटनांवर आधारलेला चित्रपट


स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'असांते' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(आ) केनियाला स्वातंत्र्य कधी मिळाले?
(इ) हिल्डे बाक कोणता व्यवसाय करत होत्या?
(ई) ख्रिस म्बुरू यांनी सुरू केलेल्या निधीचे नाव काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'हरांबी' म्हणजे काय? त्यामुळे केनियात काय घडले?
(आ) हिल्डे बाक यांना जर्मनी का सोडावी लागली?
(इ) मुलांना शाळेत ठेवणे हे शांततेचेही काम आहे, असे म्बुरू यांना का वाटते?

३. कारणे लिहा.
(अ) हिल्डे बाक फार श्रीमंत असतील, असे लहानपणी ख्रिसला वाटे.
(आ) निधीसाठी मुले निवडण्याचे काम सोपे नसते.

४. रिकाम्या जागा भरा.
(अ) मिटाहाटो हे खेडे ______ या डोंगराळ भागात आहे.
(आ) हिल्डे बाक ______ मध्ये केनियात गेल्या.
(इ) ज्यू मुलांना १९३८ मध्ये ______ काढून टाकण्यात आले.

५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जाण ठेवणे, सोने करणे, हातभार लागणे, चकित होणे, तुटून पडणे

६. समान अर्थाचे शब्द पाठातून शोधून लिहा.
नफरत, जुलूम, वजीफा, एहसान

७. विचार करा आणि लिहा.
'मदत घेण्यात लाज नाही. घेतलेली मदत वाया घालवण्यात लाज आहे.' तुम्हाला हे पटते का? तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.

८. उपक्रम
(अ) तुमच्या शाळेला मदत करणाऱ्या एखाद्या व्यक्तीची माहिती मुख्याध्यापकांकडून मिळवा आणि त्या व्यक्तीला आभाराचे पत्र मराठीत लिहा.
(आ) किताब, कलम, इल्म यांसारखे अरबी-फारसीतून आलेले शब्द मराठीतही आहेत. असे दहा शब्द शोधून वहीत लिहा.